मुंबई–नागपूर : समृद्धी की विमान? घर ते घर हिशोब

५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि समृद्धी महामार्ग सलग ७०१ किलोमीटरचा झाला. ‘आठ तासांत नागपूर’ हे खोटं नाही, पण ते आठ तास आमणे ते नागपूरबाहेरचं शिवमडका. दादर ते सीताबर्डी नव्हे.

कारला सपाटीवर १२० ची मर्यादा आहे. कागदावर ५ तास ५० मिनिटं होतात. प्रत्यक्षात सरासरी १०० च्या आसपासच पडते, म्हणजे सात तास, वर दोन थांब्यांचा एक. कसारा घाटाऐवजी पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, तो भाग झकास. वेळ खातो तो आमणेनंतरचा भिवंडी-ठाणे पट्टा. रस्ता मोकळा असला तर दादर सव्वा तासात, संध्याकाळी गर्दीत सापडलात तर दोन-अडीच तास सहज. म्हणून नागपूरहून पहाटे पाचला निघावं. सूर्य पाठीशी राहतो आणि ठाणे दुपारी ओलांडलं जातं. उशिरा निघालात तर चारनंतर पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत.

विमान हवेत सव्वा-दीड तासच असतं. पण घर ते विमानतळ एक तास, काउंटर उड्डाणाआधी ६० मिनिटं बंद होतो म्हणून दीड-दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर सामानाला अर्धा तास. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून सीताबर्डी मात्र जवळ. एकूण पाच तास धरा. गाडीला साडेनऊ ते अकरा.

पैशांत विमान एकट्याला परवडतं. कारचा टोल किलोमीटरला २.०६ रुपये दराने (एप्रिल २०२५ पासून) साधारण १,४४५ होतो. १२० ने पळवली की पेट्रोल गाडीचं मायलेज घसरतं. लिटरला १५ धरलं तर सुमारे ५० लिटर. एका बाजूचे साडेसहा-सात हजार. तिघे-चौघे असाल तर गाडी स्वस्त, दोघांना तिकीट कधी काढलं त्यावर.

आता टायर. इथे कंजूषी नको. ‘काँक्रीट तापतं, हवा कमी भरा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर गाडीतल्या भाराप्रमाणे आकडा असतो. तेवढीच हवा, टायर थंड असताना, निघण्यापूर्वी भरावी. टायरवरचा चार अंकी आकडाही बघा: २३२० म्हणजे २०२० च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांपुढचा, किंवा बाजूला फुगवटा आलेला टायर या रस्त्यावर आणूच नये.

दुसरा धोका झापड. सरळ रस्ता, एकच वेग, वळण नाही. दीड-दोन तासांनी थांबा, पण कडेच्या पट्टीवर नाही. मागून येणाऱ्या ट्रकला उभी गाडी उशिरा दिसते. खाण्यापिण्याच्या सोयी अंतराच्या मानाने विरळ आहेत, हा या महामार्गाचा ठळक उणेपणा. टाकी शहरातच भरा, जेवणासाठी छत्रपती संभाजीनगरला बाहेर पडा. अर्धा-पाऊण तास जातो, पण जेवण जेवणासारखं मिळतं.

दुचाकी आणि रिक्षाला इथे प्रवेश नाही. एकट्याने रात्री गाडी हाकण्यापेक्षा दुरांतो बरी: रात्री बसा, सकाळी उतरा, सुमारे अकरा तास.