लॅपटॉप हळू चालतो म्हणून मदत मागितली आणि ताई लुबाडली गेली

लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ लागतोय, बंद करताना नुसतं वर्तुळ फिरत राहतंय, म्हणून तुम्ही मदतीचा फोन नंबर शोधायला बसणार असाल तर आधी हे वाचा. माझ्या मोठ्या बहिणीला नेमक्या याच वाटेने फसवलं गेलं. तिच्या परवानगीने लिहितोय. तीच म्हणाली, त्या माणसाने काय काय उघडून दाखवलं ते सगळं लिही, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला तेच दाखवलं तर त्याला वेळीच ओळखता येईल.

तक्रार अगदी साधी होती. पासवर्ड टाकला की डेस्कटॉप दिसायचा, पण पुढे बराच वेळ कशावरही क्लिक केलं तरी काही उघडायचं नाही. संध्याकाळी काम संपवून 'शट डाउन' केलं तरी लॅपटॉप लवकर बंद व्हायचा नाही. ताईने लॅपटॉपच्या ब्रँडचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं सर्चमध्ये टाकलं आणि सगळ्यांत वर आलेल्या नंबरवर फोन केला. ती जागा जाहिरातीची होती. बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, घाईत ते दिसत नाही. सर्च इंजिनं अशा खोट्या जाहिराती काढून टाकतात, पण दुसऱ्या नावाने नव्या येतात.

पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे बोलत होता. "मॅडम, काळजी करू नका, मी स्वतः बघतो," म्हणाला. त्याने एक अॅप उतरवायला लावलं आणि पडद्यावर आलेला कोड वाचून घेतला. त्या क्षणापासून लॅपटॉपचा ताबा त्याच्याकडे गेला. माउसचा बाण आपोआप हलायला लागला. अशी अॅप खरी आणि उपयोगाची असतात, कितीतरी ऑफिसांत रोज वापरली जातात, म्हणून अँटिव्हायरस ओरडत नाही. धोका अॅपमध्ये नसतो, कोड कुणाच्या हाती दिला त्यात असतो.

मग त्याने पुरावे दाखवायला सुरुवात केली. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण यातलं प्रत्येक दृश्य खरं होतं. खोटा होता तो फक्त त्याने सांगितलेला अर्थ.

पहिल्यांदा त्याने 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला आणि सगळ्या एरर आणि वॉर्निंग एका ठिकाणी दिसतील अशी यादी काढली. लाल-पिवळ्या खुणा संपता संपेनात. "ही प्रत्येक लाल खूण म्हणजे एक व्हायरस," तो म्हणाला. प्रत्यक्षात ही विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा, म्हणजे मागच्या मागे चालणारा प्रोग्राम, पहिल्या प्रयत्नात सुरू झाली नाही, प्रिंटर सापडला नाही, नेट क्षणभर गेलं, सगळ्याची नोंद होते. कोरा करकरीत लॅपटॉप आठवडाभर वापरा, त्यातही या खुणा सापडतील. 'डिस्ट्रिब्युटेडकॉम' नावाने १००१६ क्रमांकाची नोंद तर जवळजवळ सगळीकडे दिसते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं असं खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलं आहे. ही युक्ती नवी नाही. ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये अशा टोळ्यांवर कारवाई केली, तेव्हाही लोकांना घाबरवायला हीच यादी वापरली जात होती.

नंतर काळी खिडकी, म्हणजे आज्ञा टाइप करायचा 'कमांड प्रॉम्प्ट'. तिच्यात 'नेटस्टॅट' लिहून, म्हणजे लॅपटॉपच्या नेटवरच्या जोडण्यांची यादी काढून, त्याने आकड्यांच्या ओळी दाखवल्या आणि 'एस्टॅब्लिश्ड' लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, म्हणजे बाण ठेवून, "इथून कुणीतरी आत शिरलंय" असं सांगितलं. ब्राउझरमध्ये दोन-चार टॅब उघडे असले, मेल चालू असला, की इतक्या जोडण्या असतातच. त्याचं स्वतःचं रिमोट अॅपही त्याच यादीत होतं. त्या सगळ्या ओळींत घुसखोर तेवढा एकच होता.

सेवांच्या यादीत कितीतरी ओळींपुढे 'स्टॉप्ड' लिहिलेलं दाखवून तो म्हणाला, व्हायरसने या बंद पाडल्यात. त्या बंदच असायला हव्यात. गरज पडली की विंडोज त्या सुरू करतं. मग स्वतःची ओळख पटवण्यासाठी त्याने एक लांबलचक क्रमांक आधी फोनवर वाचून दाखवला आणि नंतर काळ्या खिडकीत तोच काढून दाखवला. "हा तुमच्या लॅपटॉपचा नोंदणी क्रमांक, तो आमच्याकडे आहे म्हणजे आम्ही कंपनीचेच." ८८८ने सुरू होणारा हा क्रमांक विंडोज असलेल्या प्रत्येक संगणकात अक्षरशः तसाच्या तसा असतो. ताईला सगळ्यांत जास्त खात्री याच गोष्टीने पटली होती.

आणि मग त्याने टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या खिडकीत, 'अप टाइम' दाखवला, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे तो आकडा. ताई लॅपटॉप रोज रात्री बंद करते, तरी तिथला आकडा कित्येक दिवसांचा होता. "बघा मॅडम, तुम्ही बंद करता, पण मागून कुणीतरी चालूच ठेवतं. म्हणूनच बंद व्हायला वेळ लागतो, तुमचा डेटा बाहेर जात असतो. आणि सकाळी ते लोक आधी आत शिरतात, म्हणून सुरू व्हायला उशीर."

यातला कावा बघा. तिच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर त्याने एका वाक्यात दिलं, आणि पुरावा तिच्याच पडद्यावर होता. खरं कारण वेगळं आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. 'शट डाउन' म्हटलं की विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून आणतं. त्यामुळे 'अप टाइम'चा आकडा शून्यावर येत नाही. तो येतो 'रिस्टार्ट' केल्यावर. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' केलं तरी त्या वेळेपुरता लॅपटॉप पूर्ण बंद होतो. ज्याला हे माहीत नाही, त्याला तो आकडा बघून धडकी भरणं स्वाभाविक आहे. ताई हुशार आहे, सावध आहे, स्वतःचे सगळे व्यवहार स्वतः बघते. तरी ती फसली, कारण समोरच्याने खऱ्या गोष्टींवर खोटी गोष्ट रचली होती. कुणी अशा माणसाला 'इतकं कसं कळलं नाही' म्हणत असेल तर मला मनापासून राग येतो.

पैसे कार्डाने घेतले गेले, 'आजीवन सुरक्षा' या नावाखाली. कार्डाचा क्रमांक टाकला जात असताना पडदा त्याच्यासमोर उघडाच होता. मग त्याने दुरुस्ती म्हणून तात्पुरत्या फायली पुसल्या, प्रीफेच फोल्डर रिकामं केलं आणि वेग वाढवणारे म्हणून दोन प्रोग्राम टाकले, तेही लॅपटॉपबरोबर सुरू होणारे. प्रीफेचमध्ये विंडोज कोणता प्रोग्राम सुरू होताना काय काय लागतं याची टिपणं ठेवतं. ते पुसलं की विंडोजला ती टिपणं पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागतात. लॅपटॉप आधीपेक्षा हळू झाला तो यामुळे.

काही दिवसांनी दुसरा फोन आला. आवाज वेगळा. "आमची ही सेवा बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, नेट बँकिंग उघडा." रिमोट अॅप अजून लॅपटॉपवर होतंच. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत दिसला तेव्हा खात्यात परताव्यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम जमा दिसत होती. तो माणूस रडकुंडीला आला, एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, वरची रक्कम तेवढी परत पाठवा. ताईने पैसे पाठवण्याआधी मला फोन केला म्हणून हे तिथेच थांबलं. मी तिला आधी वायफाय बंद करायला सांगितलं, मग बँकेला फोन. पडदा काळा असताना तिच्याच बचत खात्यातली रक्कम तिच्याच दुसऱ्या खात्यात वळवलेली होती. बाहेरून एक पैसाही आला नव्हता. कधी कधी तेवढंही करत नाहीत, ब्राउझरमध्ये पानावर दिसणारा आकडा तेवढा बदलतात, पान रिफ्रेश केलं की तो नाहीसा होतो. खरा परतावा द्यायला कुणालाही तुमचा पडदा बघावा लागत नाही.

त्यानंतर मी लॅपटॉप घेऊन बसलो. पहिल्यांदा नेट न जोडताच ते रिमोट अॅप आणि त्या माणसाने टाकलेले दोन्ही प्रोग्राम काढले. अशा अॅपमध्ये कायमचा पासवर्ड ठेवून मालकाला न विचारता परत येता येतं, म्हणून नुसती खिडकी बंद करून भागत नाही. पासवर्ड सगळे दुसऱ्या उपकरणावरून बदलले आणि मेलमधून 'सगळीकडून लॉग आउट' केलं. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स आणि नोटिफिकेशनच्या परवानग्या तपासल्या, मग विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन चालवलं. शेवटी फायलींची प्रत काढून विंडोज नव्याने टाकायचं ठरवलं, कारण बँकेचं खातं त्याच लॅपटॉपवर उघडलं गेलं होतं. पण ते करण्याआधी मूळ तक्रारीचा छडा लावायचा होता.

तो लागला त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. त्या माणसाने जे पान उघडलं नाही, तिथेच उत्तर होतं. 'अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज'मध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स', त्यात 'ऑपरेशनल'. तिथे १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू व्हायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत असतं, १००० म्हणजे १ सेकंद. २०० क्रमांकाच्या नोंदीत बंद व्हायला लागलेला वेळ. १०१ मध्ये सुरू होताना कोणत्या प्रोग्रामने उशीर केला त्याचं नाव, आणि २०३ मध्ये बंद होताना कोणती सेवा अडून बसली तिचं नाव. ताईच्या लॅपटॉपवर २०३ मध्ये पुन्हा पुन्हा एकच नाव होतं, एका जुन्या प्रिंटरबरोबर आलेली सेवा. तो प्रिंटर घरातून कधीच गेलाय. सेवा मात्र राहिली होती. तिचं सॉफ्टवेअर काढलं आणि बंद होण्याची कटकट तिथेच संपली.

सुरू होण्याचं कारणही तितकंच साधं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के कामात गुंतलेली, आणि डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क. अशी डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला फार फार तर शंभरएक वेळाच वाचू शकते, आणि लॉगिन झाल्या झाल्या मीटिंगचं अॅप, चॅट, फायली सिंक करणारं अॅप, तीन-चार अपडेटर असे सगळे तिच्यावर एकदम तुटून पडत होते. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात जाऊन नको ते बंद केले. नंतर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि विंडोज तिच्यावरच नव्याने टाकलं. या सगळ्यात व्हायरस कुठेच नव्हता.

मदत हवीच असेल तर लॅपटॉपच्या कागदांवर छापलेला पत्ता किंवा कंपनीचं अॅड्रेस बारमध्ये स्वतः टाइप केलेलं संकेतस्थळ वापरा. 'तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असा पडदा आला तर तो ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर आणि वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीही नसतो.

फसवणूक झालीच असेल तर व्यवहाराचा क्रमांक, कॉलच्या नोंदी, पडद्याचे फोटो पुसू नका. बँकेला त्याच तासात कळवा, कार्ड बंद करा, कार्डाने गेलेल्या पैशांबद्दल लेखी हरकत नोंदवा आणि पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार द्या. आणि यानंतर 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा' असा फोन येईल हे धरून चला. एकदा पैसे दिलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. ताईला तसा फोन येऊन गेला, आणि तिने तो नंबर तपास अधिकाऱ्यांना दिला आहे.