गट नंबर की ठेकापत्र: 'एक तरी हवेच' हे स्कीमात कसे बसवायचे?

कापसाची काटापावती एक्सएमएलमध्ये (खुणांनी बांधलेल्या मजकूर-फाइलमध्ये) जिनिंगला पाठवायची आणि त्यात काय हवेच हे स्कीमात, म्हणजे फाइल तपासायच्या नियमपत्रात लिहायचे, तर पहिला पेच जमिनीच्या पुराव्याचा. कोणाकडे स्वतःचा सातबारा, कोणी निव्वळ ठेक्याने वाहणारा. आणि तीन एकर घरची, पाच एकर ठेक्याची असे वाहणारे तर गावोगावी. म्हणजे गट नंबर चालेल, ठेकापत्र चालेल, दोन्ही चालतील. दोन्ही रिकामे मात्र चालणार नाही.

स्कीमात दोघांनाही मिनऑकर्स (किमान किती वेळा यावे) ० दिले की कोरी नोंद बिनबोभाट पास होते. साधा चॉइस (यापैकी एकच) लावला तर दोन्ही कागद असलेलाच अडतो.

एक्सएसडी या एक्सएमएलच्या स्कीमा-भाषेच्या १.० आवृत्तीत हे सुटते, पण मांडणी नेमकी हवी. चॉइसच्या दोन फांद्या करा: एकीत गट नंबर व त्यामागे ऐच्छिक ठेकापत्र, दुसरीत नुसते ठेकापत्र. 'फक्त गट, फक्त ठेका, दोन्ही' अशा तीन फांद्या सुचतात खऱ्या, पण दोन फांद्यांची सुरुवात गट नंबरनेच झाली की स्कीमाच नाकारला जातो. पुढचे न बघता फांदी ठरली पाहिजे, असा नियम आहे. क्रम उलटाही चालवायचा असेल तर दुसऱ्या फांदीत ठेकापत्रामागे ऐच्छिक गट नंबर जोडा. उद्या फेरफार हा तिसरा पुरावा आला आणि क्रमही मोकळा ठेवायचा म्हटले, की फांद्या गाजरगवतासारख्या फोफावतात.

२०१२ च्या एक्सएसडी १.१ मध्ये हेच सुटसुटीत होते. 'ऑल' या क्रम न पाहणाऱ्या रचनेत दोन्ही ऐच्छिक, आणि असर्टमध्ये (अट लिहायच्या जागी) 'गटनंबर ऑर ठेकापत्र' एवढीच अट. मला हीच रीत आवडते. पण डॉटनेटचा अंगभूत तपासनीस आणि लिबएक्सएमएल२ ही एक्सएमएल वाचणारी लायब्ररी, दोघेही १.० वरच आहेत. पीएचपीची नेहमीची तपासणी लिबएक्सएमएल२ वरच चालते. जावात झर्सेस या तपासनीसाची १.१ चालवणारी आवृत्ती असेल तर जमते.

स्कीमाट्रॉन ही फक्त अटी तपासायची वेगळी भाषा, तिचा फायदा वेगळाच. अट मोडली की आपलाच मजकूर दाखवता येतो: 'गट नंबर नसेल तर ठेकापत्र टाका.' काट्यावर बसलेल्या पोराला इंजिनाचा इंग्रजी गोंधळ वाचावा लागत नाही, आणि गाड्यांची रांग लागलेली असताना हे फार कामाचे. फायली मात्र दोन सांभाळा: रचना एक्सएसडीत, अट इथे.

रिलॅक्स एनजी या दुसऱ्या स्कीमा-भाषेत हे सगळे सहज लिहिता येते, पण समोरचा एक्सएसडीच मागत असेल तर उपयोग नाही.

पुरावे दोनच राहणार असतील तर १.० पुरे. वाढणार असतील तर जिनिंगच्या सॉफ्टवेअरवाल्याला आधी १.१ चालते का विचारा. नाही म्हणाला तर सैल १.० (सगळे पुरावे ऐच्छिक) आणि त्यावर स्कीमाट्रॉन.