पोर्सेलीन जमवणारीच्या हातातलं दहा पटीचं भिंग: चार वर्षांच्या वापरानंतर

हे भिंग घेतलं तेव्हा माझ्याकडे चिनी पोर्सेलीनच्या अकरा वस्तू होत्या. आज त्यातल्या नऊ उरल्यात. दोन परत केल्या, त्या या भिंगातून पाहिल्यावरच.

जवाहिरे वापरतात तेच हे घडीचं भिंग. दहा पट मोठं दाखवणारं, २१ मिलिमीटर व्यासाचं, तीन काचा चिकटवून केलेलं. तीन काचांचंच घ्या. एका काचेच्या स्वस्त भिंगात कडेला रंगीत झालर दिसते. निळ्या रेघेच्या काठावर ती झालर आली की कोबाल्ट, म्हणजे चित्रातला निळा रंग, खरंच झिलईत पसरलाय की काच फसवतेय, ते कळत नाही. वीस पटीचंही वापरून पाहिलं. दहा पटीत वस्तू अडीच सेंटिमीटरवर धरता येते, वीस पटीत ते अंतर निम्म्यावर येतं. मग प्रकाश अडतो, आणि दिसतो तो तुकडा इतका लहान की आपण बशीवर नेमके कुठे आहोत तेच हरवतं. भिंग डोळ्याशी धरून हात गालाला टेकवायचा आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. सुरुवातीला मी भिंगच बशीवर धरून वाकत होते, त्यात काहीच नीट दिसत नव्हतं. मोठी बरणी असेल तर जाड टॉवेलवर आडवी ठेवा. हात मोकळे राहतात आणि घसरायची भीती नसते.

भिंग आधी कुठे लावायचं, तर बुडाच्या कडेला. बहुतेक जण पहिल्यांदा बुडावरची राजवटीची खूण, म्हणजे तिथे लिहिलेलं सम्राटाचं नाव, वाचतात. मीही तेच करत होते. माझ्या एका छोट्या निळ्या-पांढऱ्या बशीवर शुआनदे राजवटीची सहा अक्षरं आहेत. शुआनदेचा काळ १४२६ ते १४३५, आणि विकणाऱ्यानं बशी मिंग घराण्याच्या काळातली (१३६८ ते १६४४) म्हणूनच दिली होती. पण जिंगदेझेन या चीनमधल्या पोर्सेलीनच्या मुख्य गावचे कारागीर जुन्या सम्राटांची नावं शेकडो वर्षं लिहीत आले आहेत, कधी आदरापोटी, कधी विक्रीसाठी. शुआनदे आणि चेंगहुआ या मिंग सम्राटांची नावं त्यांची लाडकी. उलट १६७७ मध्ये, कांगशीच्या राजवटीत, तिथल्या दंडाधिकाऱ्यानं खासगी भट्ट्यांना चालू सम्राटाचं नाव भांड्यावर घालायला मनाई केली. म्हणून त्या काळातल्या पुष्कळ चांगल्या भांड्यांच्या बुडाला नुसती दुहेरी निळी वर्तुळं दिसतात, आत रिकामं किंवा एखादं पान. ग्वांगशूच्या काळात, म्हणजे १८७५ ते १९०८ मध्ये, कांगशीच्या नावाची चार अक्षरं घातलेली निळी-पांढरी भांडी खूप निघाली. म्हणजे खुणेवरून एवढंच कळतं की वस्तू त्या नावाच्या आधीची नाही.

आता त्या बशीचं. मिंग काळाच्या सुरुवातीला जिंगदेझेनला परदेशातून आणलेला कोबाल्ट वापरत. त्यात लोह जास्त आणि मँगनीज कमी. रंग दाट बसला की तिथे काळसर डाग उमटतात, ते झिलईच्या पृष्ठभागापर्यंत येतात आणि आडव्या उजेडात शिशासारखे निस्तेज दिसतात. पुढे अठराव्या शतकात, योंगझेंग आणि चियेनलोंग सम्राटांच्या काळात, या डागांची नक्कल करताना चित्रकार कुंचल्यानं मुद्दाम गडद ठिपके देत. माझ्या बशीवर भिंग लावलं तेव्हा प्रत्येक ठिपक्याच्या टोकाशी कुंचला टेकून उचलल्याची खूण दिसली. सगळे ठिपके जवळपास एका मापाचे, सगळे रेघेच्या आत नीट बसलेले. बशी मिंगची नाही. पण बुडाच्या कडेचे ओरखडे लहान-मोठे, सगळ्या दिशांना गेलेले, कडा गुळगुळीत झालेल्या. हे भांडं खूप वर्षं खरंच वापरात होतं. मी ते ठेवलं, आणि आज ते माझ्या सगळ्यात आवडत्या वस्तूंपैकी आहे.

परत केलेली पहिली वस्तू म्हणजे गुलाबी फुलांची फुलदाणी, चियेनलोंगच्या खुणेची. हा गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून येतो आणि चिनी पोर्सेलीनवर तो साधारण १७२० च्या सुमारास आला, त्यामुळे चियेनलोंगच्या फुलदाणीवर तो असण्यात वावगं काही नव्हतं. (मिंगची खूण आणि त्यासोबत हा गुलाबी असेल, तर मात्र प्रश्न तिथेच मिटतो.) घोटाळा बुडाशी होता. सगळे ओरखडे एकाच दिशेला, समांतर, सारख्या खोलीचे. सँडपेपरचं काम. झिलई संपते त्या काठावर उघड्या मातीला खऱ्या भांड्यात नारिंगी छटा येते, चिनी संग्राहक तिला हुओशी होंग म्हणतात, गारगोटीचा लाल. ती झिलईच्या काठाशी दाट असते आणि हळूहळू विरते. इथे तपकिरी रंग खळग्यांत साचला होता आणि मधल्या उंचवट्यांवरून पुसला गेला होता. कुणीतरी तो फडक्यानं फासला होता.

परत केलेली दुसरी वस्तू म्हणजे एक बरणी. तिच्या बुडात मला काहीच वावगं सापडलं नाही, आणि खोट तिथेच होती. जुन्या फुटक्या भांड्याचं अस्सल बूड कापून नव्या अंगाला जोडण्याची युक्ती जुनीच आहे. बरणीच्या आत अतिनील टॉर्च मारला तेव्हा बुडाच्या वर गोल पट्टा पांढुरका चमकला. आजच्या डागडुजीतले चिकट पदार्थ असे चमकतात. मग भिंगातून सांध्याची रेघ दिसली. टॉर्च नसता तर मी त्या बरणीला आजही जुनीच म्हणत असते. म्हणून हे भिंग घेणार असाल तर अतिनील टॉर्चही सोबत घ्या.

भिंगाच्या कड्यातल्या दिव्यांवर मात्र मी नाराज आहे. उजेड समोरून पडतो, आणि ओरखडे दिसतात ते आडव्या उजेडात. मी दिवे बंदच ठेवते आणि छोटा साधा टॉर्च बाजूनं धरते. बिनदिव्याचं मिळालं असतं तर तेच घेतलं असतं. घडीचा स्क्रू दोनदा ढिला झाला, घट्ट केल्यावर पुन्हा त्रास नाही.

झिलईतले बुडबुडे मोजून काळ ठरवता येतो, हे काही जण सांगतात. मी ते सोडून दिलं. बुडबुडे लहान-मोठे की एकसारखे, ते मातीवर, झिलईच्या जाडीवर, भट्टीतल्या जागेवर अवलंबून असतं, आणि तेच भांडं दोन बाजूंनी वेगळं दिसतं. जुनी भासावी म्हणून चमक घालवलेली झिलई मात्र भिंगात ओळखू येते. आम्लानं कोरलेला पृष्ठभाग सगळीकडे सारखाच निस्तेज असतो आणि वरचे बुडबुडे उघडे पडलेले दिसतात. खरी झीज हाताळणीच्या जागी जास्त असते, खळग्यात जवळपास नसतेच.

एक साधा पांढरा वाडगा अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्यावर चित्र नाही, खूण नाही, कड साफ. भिंगातून त्याच्याबद्दल काहीच कळलं नाही. भाजल्याचा काळ ठरवणाऱ्या उष्णदीप्ती चाचणीसाठी त्याला छिद्र पाडायला मी तयार नाही. लिलावाआधीच्या प्रदर्शनात वस्तू हातात घेऊ देतात, तिथे त्याच आकाराचे वाडगे उचलून पाहते, वजन आणि कडेचा वळसा लक्षात ठेवते. मागच्या वेळी एका वाडग्याची बूडकड माझ्या वाडग्यासारखीच आत झुकलेली होती.

पाचपैकी चार गुण. एक गुण दिव्यांसाठी कापला.