जिंजर बिअरचं दुसरं किट घेताय? मग हे वाचा

घरी जिंजर बिअर (आल्याचं आंबवलेलं फसफसतं पेय) करायच्या बरणीवाल्या बारक्या किटवर हात बसला की पुढचं कुठलं घ्यायचं हा प्रश्न येतोच, तर मी ऑनलाईन पाच लिटरवालं मागवलं आणि लई भारी निघालं. झाकणाला एअरलॉक आहे, म्हणजे आतला गॅस बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही, नवशिक्याला हेच सगळ्यात महत्त्वाचं. यीस्टची पुडी, आल्याचा कीस गाळायला कापडी पिशवी, सगळं येतं. साखर पण देतात, ती चहाला वापरा, आपल्या कोल्हापुरी गुळाला जीआय टॅग (त्या भागाच्या खास मालाचा सरकारी शिक्का) असताना साखर कशाला ओ? मार्केट यार्डातनं बिनकेमिकलचा गडद गूळ आणा, रंग कसला येतोय बघा आणि वास तर गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखा!

खटकलं एकच, पेय भरून बंद ठेवायच्या बाटल्या काचेच्या दिल्यात. एप्रिल-मेच्या उकाड्यात यीस्ट सुसाट सुटतं, प्रेशर वाढून काच फुटू शकते, त्यापेक्षा कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली बरी, रोज दाबून बघायची, दबेना झाली की लगेच फ्रिजात. थोडं अल्कोहोल तयार होतंच, बारक्या पोरांना देऊ नका.

दहा लिटरचं मात्र आत्ताच घेऊ नका, एवढी जागा फ्रिजात कुणाकडं असते.