आत्यासाठी विरंगुळा शोधताना : नऊ महिन्यांचा अनुभव

काका गेले आणि वाळपईच्या घरात आत्या एकटी उरली. डिसेंबरात आम्ही तिला फोंड्याला घेऊन आलो. वय 74. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांपैकी एका शाळेत ती 1971 साली लागली आणि पुढची सगळी नोकरी सत्तरी तालुक्यातच केली. जन्मभर पोरांच्या गलक्यात राहिलेली ही बाई आमच्या बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहायची. आम्ही दोघंही साडेआठला घर सोडतो ते सहाला परततो. तोवर ती जेवलेली असायची, कधी नसायचीही. मला धास्ती बसली. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी आम्ही काय काय करून पाहिलं ते लिहिते.

पहिल्यांदा ज्येष्ठ नागरिकांच्या एका संघात नाव घातलं. वर्गणी किरकोळ, माणसं चांगली. पण महिन्यातून एकच सभा, त्यात मधुमेहावर किंवा बँकेच्या ठेवींवर भाषण, मग चहा-सामोसा. बायका मागच्या रांगेत. तीन सभांनंतर आत्या म्हणाली, "हांव थंय वचून कितें करूं?" (मी तिथे जाऊन काय करू?) मला तेव्हा राग आला होता, कारण मी अर्धी रजा टाकून तिला सोडायला जात होते. पण तिचं खरं होतं. तिथे तिला करायला काहीच नव्हतं. माझ्या नणंदेच्या सासऱ्यांना मात्र अशाच संघात पत्ते खेळायला चार सोबती मिळाले आणि ते खूश आहेत. तेव्हा एकदा जाऊन बघायला हरकत नाही.

दुसरा प्रयत्न जास्त लागला मनाला. मुलांना शिकवण्यासाठी स्वयंसेवक हवेत असं एका संस्थेने कळवलं होतं. आत्याने उत्साहाने जुने तक्ते काढले, बाराखडीची पुठ्ठ्याची कार्डं नव्याने कापली. पहिल्या दिवशी तिच्यासोबत फोटो काढले, शाल दिली. पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाले. फोन आलाच नाही. मी दोनदा केला, तर साहेब बाहेर आहेत. ती कार्डं महिनाभर टेबलावर होती, मग तिने स्वतःच कपाटात ठेवली. म्हाताऱ्या माणसाला बोलवायचं तर दिवस आणि वेळ ठरवूनच बोलवा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांना विसर पडत नाही, ती वाट बघत बसतात.

मार्चपासून मंगळवारी पणजीचं सेंट्रल लायब्ररी सुरू केलं. पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात 1832 मधली. कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, लिफ्ट आहे, मराठी पुस्तकं भरपूर, कोणी उठवत नाही. फोंड्याहून बसने तासाभराचा प्रवास. पहिल्या तीन वेळा मी सोबत गेले, नंतर ती एकटी जाऊ लागली. परतताना बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईशी झालेल्या गप्पा मला रात्री जेवताना ऐकायला मिळतात, आणि पुस्तकापेक्षा त्याच जास्त रंगतात. त्रास एकच, पाटोवरून स्थानकाकडे येताना रस्ता ओलांडणं. पावसाळ्यात आम्ही हे बंद ठेवलं.

आता भजनाचं. आमच्या वाड्यावरच्या देवळात महिलांचं भजनी मंडळ सोमवारी आणि गुरुवारी चार वाजता सराव करतं. मी हे इतके महिने शोधत होते आणि ते घरापासून पाच मिनिटांवर होतं. आत्याचा गळा बेताचाच, म्हणून मला ते सुचलंच नव्हतं. शेजारच्या वयनी तिला एकदा घेऊन गेल्या. ती कोपऱ्यात बसून टाळ वाजवायची, तेवढंच.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एका अभंगाच्या झेरॉक्सवर एक चरण गळलेला तिच्या लक्षात आला. अक्षरं इतकी बारीक की मुख्य गाणाऱ्या बाईंना चष्मा लावूनही दिसत नव्हती. आत्या घरी आली आणि तिने मला दोनशे पानी वही आणि काळा स्केचपेन आणायला सांगितलं. त्या रात्री ती दहापर्यंत बसली. स्टीलच्या पट्टीने रेघा आखल्या, एका रेघेवर एकच चरण, ध्रुवपद लाल शाईने, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे छोटीशी उभी खूण. फळ्यावर लिहायची तसंच गोल, टपोरं अक्षर. एका डोळ्याने नीट दिसत नाही म्हणून ती वही तिरकी धरते. आता त्या वहीत 43 अभंग आणि 11 गौळणी आहेत. नवीन काही बसवायचं झालं की, "बाई, आधी तुमच्या वहीत घ्या," असं म्हणतात. आता सरावाला उशीर झाला तर तिला घरी फोन येतो. बाकी कुठे असं झालं नव्हतं.

कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत महिलांचा वेगळा गट असतो, त्यात उतरायचं मंडळात घाटतंय. आत्या गाणार नाही, पण तालमीला बसणार. चवथीला वाड्यावरच्या मुलींना तिने फुगडीची गाणीही शिकवली आणि पौषात मांडावर, म्हणजे वाड्याच्या ठरलेल्या अंगणात, धालो (बायकांचा गाण्यांवरचा फेर) घालायचे ठरवलंय. तिच्या आईकडची काही गाणी फक्त तिलाच येतात. ती मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवते आहे.

गैरसोयी आहेतच. देवळाच्या चिऱ्यांच्या पायऱ्या पावसात शेवाळाने निसरड्या होतात. जुलैत ती एकदा घसरली, सुदैवाने मनगटाच्या मुक्या मारावर निभावलं. त्यानंतर पावसाच्या दिवसांत जाता-येता रिक्षा, पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर ती बसत नाही. सराव लांबला तर तिन्हीसांज होते, म्हणून कोणी तरी तिला दारापर्यंत सोडेल हे मी मंडळात स्पष्ट बोलून घेतलं. कसं बरं सांगावं असा संकोच धरू नका, बायकांनी लगेच मान्य केलं.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाईन आहे, सकाळी 8 ते रात्री 8. पण त्याआधी आपल्याच वाड्यावर चौकशी करा, देवळात, भजनी मंडळात, अंगणवाडीत. आणि त्या माणसाच्या हातून आजवर काय होत आलंय ते आठवा. मी तिला रमवायला काहीतरी शोधत राहिले आणि तिचं अक्षर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, फ्रीजवरच्या दुधाच्या हिशेबात.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी काही दिवस लिहिणं-वाचणं बंद सांगितलंय. तोवर वही कोणाकडे ठेवायची यावर परवा मंडळात बराच वेळ बोलणं झालं. शेवटी वयनींकडे दिली, पण नवीन काही लिहायचं नाही या अटीवर.