फिटनेस स्पर्धांसाठीचा ऑनलाइन जज कोर्स: काही महिने जज म्हणून उभं राहिल्यानंतर

ऑनलाइन जज कोर्स पूर्ण करून बरेच महिने झाले. तेव्हापासून कोल्हापुरातल्या छोट्या-मोठ्या जिम स्पर्धांमध्ये मी लेनवर (एका खेळाडूला नेमून दिलेल्या पट्ट्यात) जज म्हणून उभी राहते. कोर्स करावा का, असं इथले ट्रेनर आणि खेळाडू विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहिते. करा, नक्की करा. पण परीक्षा पास झाल्यावर लगेच फायनलची लेन मागून घेऊ नका. नियम कोर्समध्ये कळतात. तोच नियम पहिल्या हीटच्या (एका वेळी उतरणाऱ्या खेळाडूंच्या फेरीच्या) पहिल्या रेपला, म्हणजे हालचालीच्या एका पूर्ण आवृत्तीला, आणि शेवटच्या हीटच्या शेवटच्या रेपला सारखा लावायची सवय मात्र मैदानातच लागते.

कोर्समध्ये प्रत्येक हालचालीची सुरुवात आणि शेवट नेमका कुठे, हे व्हिडिओतून दाखवतात. स्क्वॉटमध्ये मांडी आणि पोटाच्या मधली घडी गुडघ्याच्या वरच्या कडेखाली गेली पाहिजे, आणि उठल्यावर कंबर-गुडघे पूर्ण सरळ झाले पाहिजेत. पुलअपमध्ये खाली हात पूर्ण ताणलेले, वर हनुवटी बारच्या वर. वॉल बॉलमध्ये, म्हणजे स्क्वॉटमधून उठत जड चेंडू भिंतीवर फेकायच्या व्यायामात, आधी स्क्वॉटची खोली, मग चेंडू ठरलेल्या उंचीवर किंवा त्याच्या वर लागला पाहिजे. क्रॉसफिट या फिटनेस प्रकारात ही उंची साधारण पुरुषांना १० फूट आणि महिलांना ९ फूट. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात खोली बघायला डोळे खाली आणि चेंडू बघायला वर, तेही दर दोन सेकंदांनी. कुठे उभं राहायचं ते कळलं की हे जमतं. खेळाडूच्या समोर किंवा पाठीमागे उभं राहिलं तर खोली दिसतच नाही. बाजूला, थोडं तिरकं उभं राहायचं आणि गरज पडली तर गुडघ्यावर बसायचं. कोर्समधली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला हीच वाटली.

आता इथल्या खेळाडूंबद्दल. आमच्याकडे स्पर्धेत उतरणारी बरीच पोरं तालमीतून आलेली असतात. लहानपणापासून बैठका मारलेल्या, त्यामुळे खोलीचा प्रश्नच नसतो. त्यांचा नो रेप (अपुरी म्हणून न मोजलेली आवृत्ती) वरच्या टोकाला होतो. बैठकीच्या लयीत पुरतं उभं न राहता पुढची बैठक सुरू होते, कंबर उघडतच नाही. जिममध्ये वजन उचलून तयार झालेल्यांचं उलटं: वर कडक सरळ, पण वजन वाढलं की खाली अर्ध्यातच थांबतात. ज्या जजची नजर फक्त खोलीवर असते, तो नकळत तालमीच्या पोरांना सूट देतो आणि जिमवाल्यांना धरतो. ही गोष्ट कोर्समधल्या व्हिडिओंत नव्हती, लेनवर उभं राहिल्यावर दिसली. आता हीट सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येकाकडून दोन रेप करून घेते आणि कुठे कमी पडतंय ते तेव्हाच सांगते.

आवाजाचाही प्रश्न आहे. दोरीच्या उड्यांच्या डबल अंडर प्रकारात एका उडीत दोरी दोनदा पायाखालून जायला हवी. नुसतं दोरीकडे बघून मोजणं अवघड. डोळे मनगटावर ठेवायचे आणि दोरीचे दोन ठोके कानानं पकडायचे. पण कोल्हापुरात स्पर्धा म्हटली की स्पीकर आला आणि हलगीही आली. हलगी कडाडली की दोरी ऐकू येत नाही. म्हणून सराव शांत खोलीत करू नका, गाणी मोठ्यानं लावून करा.

सगळ्यात अवघड भाग ओळखीचा. इथे प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ, नाहीतर कुणाच्या तरी वस्तादांचा पठ्ठ्या. "ताई, एवढं धरा की, आपलाच पोरगा हाय," हे लेनच्या कडेवरून कानावर येतंच. एका स्पर्धेत आयोजकांपैकीच एकानं, गावातल्या प्रेक्षकांना वाईट वाटेल म्हणून नो रेप जरा कमी द्या, असं सुचवलं. मी नाही म्हटलं आणि ती हीट नेहमीसारखीच मोजली. त्या पोराला सूट दिली असती, तर शेजारच्या लेनमध्ये प्रत्येक रेप पूर्ण करणाऱ्या पोरीच्या कष्टातून ती वजा झाली असती. मॅटवरच्या कुस्तीत रेफरी, जज आणि मॅट चेअरमन असे तिघं असतात. एकाची नजर चुकली तर बाकीचे दोघं सावरतात. आमच्या स्पर्धांत एका लेनला एकच जज, त्यामुळे माझा निर्णय तिथल्या तिथे दुरुस्त करणारं कुणी नसतं.

आमच्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तिथे दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो मागायला आपला अधिकारी हजर नव्हता आणि त्यांना दमलेलं असतानाच पुन्हा उतरावं लागलं, असं कुस्तीच्या वर्तुळात सांगतात. नियम कागदावर असून भागत नाही, तो लावणारा माणूस जागेवर लागतो, हे कोल्हापूरकरांना वेगळं पटवून द्यावं लागू नये.

नो रेप कसा द्यायचा, हेही कोर्समध्ये चांगलं शिकायला मिळालं. लगेच, मोठ्यानं आणि कारणासकट: "नो रेप, कंबर!" "नो रेप, हनुवटी!" दोन शब्द पुरे, खेळाडू पुढच्या रेपला सुधारतो. मोजणी शेवटच्या योग्य रेपवरूनच पुढे न्यायची. आणि जे दिसलंच नाही त्याला नो रेप द्यायचा नाही, यावर मी ठाम आहे. शंका आली तर जागा बदलायची, अंदाजानं निर्णय द्यायचा नाही.

कोर्समध्ये कमी काय? एक म्हणजे सगळं इंग्रजीत. आमच्याकडच्या बऱ्याच चांगल्या ट्रेनरना समज पक्की असूनही प्रश्नाचं इंग्रजी अडतं. दुसरं, जजच्या दमण्याबद्दल फार काही नाही. हायरॉक्स या धावणं आणि व्यायाम एकत्र असलेल्या स्पर्धेत आठ वेळा १ किलोमीटर धावून मधली सात स्टेशनं (व्यायामाचे टप्पे) उरकल्यावर शेवटी १०० वॉल बॉल असतात. खेळाडू तिथे मोडकळीला आलेला असतो, आणि सकाळपासून मोजत उभ्या असलेल्या जजची नजरही सैल पडते. त्यामुळे संध्याकाळच्या खेळाडूला सकाळच्यापेक्षा सोपा नियम मिळतो. काही हीट झाल्या की जजला विश्रांती द्या, पाणी द्या, लेन बदलून द्या. आयोजकांनी हे वेळापत्रकातच लिहायला हवं.

आमच्या गटाचा सराव असा: एकाच खेळाडूला दोघांनी वेगवेगळं मोजायचं, कागद एकमेकांना दाखवायचा नाही, आणि बाजूनं फोनवर शूटिंग. नंतर संथ गतीत बघून कुणाचा कुठला रेप चुकला ते ताडून बघायचं. सुरुवातीला दोघांच्या आकड्यांत बरंच अंतर पडायचं, आता क्वचित पडतं. कोर्स करणार असाल तर असा जोडीदार आधी शोधा. तो तुमच्याच जिममधला नसेल तर जास्त चांगलं, कारण मग नो रेपवरून तुमच्याशी वाद घालायला तो लाजणार नाही.