रिकाम्या प्लॉटवर पॅडल की पिकलबॉल?

पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींच्या आत, भिंतीवरून चेंडू उसळवत खेळायचा टेनिससारखा खेळ; पिकलबॉल छोट्या कोर्टवर, बॅट आणि प्लॅस्टिकच्या चेंडूनं खेळतात. ‘जागा कमी, म्हणून पिकलबॉल’ हे गणित अर्धवट आहे. पिकलबॉलच्या रेषा ४४ बाय २० फुटांच्या असल्या, तरी पळायला मोकळी जागा धरून किमान ६० बाय ३० फूट, म्हणजे १८०० चौरस फूट लागतात. पॅडलचं कोर्ट आतून २० बाय १० मीटर, म्हणजे सुमारे २१५० चौरस फूट. भिंती खेळातच असल्यामुळे मागे जागा सोडावी लागत नाही. दोन्ही खेळांत एका कोर्टवर खेळणारे चारच.

टेनिसचं जुनं कोर्ट हाताशी असेल तर मात्र चित्र पालटतं. कुंपणासकट १२० बाय ६० फुटांत पिकलबॉलची चार कोर्ट बसतात. पॅडलचं एकच! ६० फूट म्हणजे १८.२९ मीटर, त्यात २० मीटर लांबी आडवी मावत नाही. रुंदीच्या बाजूला कुंपण अडीच मीटर बाहेर नेता आलं तर पॅडलची तीन आडवी बसतात.

खरा फरक पायाच्या बांधकामात आहे. पिकलबॉलला सपाट काँक्रीट आणि वर ॲक्रिलिकचे थर पुरतात. स्लॅबखाली प्लॅस्टिकचा कागद घातला नाही किंवा २८ दिवस थांबण्याआधीच रंग चढवला, तर खालची ओल वर येऊन रंगाला फोड येतात. पॅडलला स्लॅबशिवाय चहूबाजूंनी काँक्रीटचा बीम हवा, कारण काचेवरच्या वाऱ्याचा जोर तोच पेलतो. १२ मिमी जाडीची ३ बाय २ मीटरची एक काच १८० किलोची. कोर्टभराच्या काचा मिळून ३ टन. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीशिवाय गच्चीवर पॅडलचा विचारही नको. काळ्या मातीत तर पायावर अजिबात काटकसर करू नका. माती फुगली की खांब ओळंबा सोडतात, बोल्टपाशी ताण येतो आणि एखाद्या दिवशी काच कुणी हात न लावता फुटते. रबरी वॉशर न घालता बोल्ट करकचून आवळले तरी हेच.

पावसाळ्यात उघड्यावर दोन्ही बंद: ॲक्रिलिक घसरतं, ओल्या काचेवरून चेंडू नीट उसळत नाही. वर पॅडलच्या कोर्टवरच्या कृत्रिम गवतातली सिलिका वाळू वाहून एका कडेला साचते आणि शेवाळ धरतं, म्हणजे ब्रश मारणं, वाळू भरणं आलंच. शेड घालायची तर पॅडलला ६ मीटर उंची किमान. नवी बांधताना ८ धरा, नाहीतर लॉब, म्हणजे उंच उडवलेले चेंडू, छताला लागतात.

आवाजात पिकलबॉल जास्त त्रासदायक. कडक प्लॅस्टिकच्या चेंडूची टकटक शेजारच्या इमारतीत स्पष्ट ऐकू जाते. सोसायटीत तक्रारी यावरूनच होतात.

जागा तीन वर्षांच्या भाड्याची असेल तर पिकलबॉलच करा. उद्या तिथे गाड्या लावता येतील. पॅडलचा सांगाडा उचलून नेता येतो, बीम मात्र जमिनीतच राहतो. जागा स्वतःची, शेड शक्य आणि पुढची दहा वर्षं हाच धंदा करायचा असेल तर पॅडल. पॅडलच्या लोखंडी सांगाड्याचं कोटेशन घेताना ‘पावडर कोटिंग’ (भाजून बसवलेला पावडरचा रंग) या शब्दावर भुलू नका. त्याखाली गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्ताचा थर, आहे का, आणि वेल्डिंग त्याच्या आधी झालंय की नंतर, हे लेखी घ्या. नंतर झालं असेल तर कोकणपट्टीत गंज त्याच सांध्यांपासून धरतो.